काळकेयांची जीभ कुणी घडवली?

राक्षस दिसतो कसा, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. काळा रंग, पिंजारलेले केस, बाहेर आलेले सुळे, सुटलेलं पोट. कॅलेंडरवाल्यांनी, रामलीलावाल्यांनी आणि पुढं टीव्हीवाल्यांनी हे चित्र घराघरांत नेऊन ठोकलं. या चित्रावर पहिला घाव घातला तो जोतीराव फुल्यांनी. १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त त्यांनी राक्षस म्हंजे रक्षण करणारा, असा अर्थ लावून पुराणांची शिवणच उसवली. बाबासाहेबांचं 'रिडल्स इन हिंदुइझम' १९८७ साली शासनानं छापलं तेव्हा केवढा गदारोळ उठला, हे जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. म्हंजे राक्षसाचं रूप आपण वाचलं, त्याची करणी वाचली, त्याचं नाव उलटं करून वाचलं. पण राक्षस बोलतो कसा? त्याच्या तोंडात कुठले आवाज कोंबलेत, ते कुणी कोंबले, कुठून उचलून आणले? याची उलटतपासणी अजून झालेली न्हाई. आपले समीक्षक शब्दांपाशी थांबतात. शिवी आली की दचकतात, बोली आली की पाठ थोपटतात. शब्दाच्या खाली आवाज असतो, तिथपर्यंत कुणी उतरत नाही.

उतरायला एक आयतं साधन आपल्या हाती आलंय. २०१५ च्या जुलैत 'बाहुबली' नावाचा तेलुगू-तमिळ सिनेमा आला. हिंदीतही आला आणि आपल्या वस्त्यांतल्या पोरांनी तो डोक्यावर घेतला. त्यात महिष्मतीच्या गोऱ्यागोमट्या राज्यावर काळकेय नावाची टोळी चालून येते. काळे फासलेले देह, विद्रूप चेहरे, अंगावर कातडी, आणि तोंडात कुणालाही न कळणारी एक भाषा. या भाषेचं नाव 'किलिकी'. तमिळ गीतकार मदन कार्की यांनी ती सिनेमासाठी रचली. सुमारे ७५० शब्द आणि ४० व्याकरणनियम तिच्यात सुरुवातीला होते. २०२० साली तिची वेबसाइटही निघाली, कुणीही शिकावं म्हणून.

आधी जे चांगलं ते चांगलं म्हणू. हिंदी सिनेमात वर्षानुवर्षं आदिवासी म्हणजे कमरेला पानं, हातात भाला, आणि तोंडात अर्थ नसलेला ओरडा. १९७८ च्या 'शालिमार'मधल्या गाण्याचा कोरस आठवा. भाषा म्हणून काही द्यावं, एवढीही गरज त्या सिनेमावाल्यांना वाटली नाही. त्या मानानं कार्कींनी काळकेयांना खरोखरीचं व्याकरण दिलं, क्रियापद दिलं, सर्वनाम दिलं. ज्याला सर्वनाम आहे तो माणूस असतो, जनावर नसतो. हे मी मनापासून मान्य करतो. आक्षेप त्याच्या पुढचा आहे.

या भाषेचा जन्म कसा झाला तेही पाहण्यासारखं आहे. कार्की ऑस्ट्रेलियात शिकत होते तेव्हा लहान पोरं सांभाळायचं काम करत. त्या पोरांशी खेळताना त्यांनी एक गमतीची भाषा केली, तिचं नाव 'क्लिक'. पुढं दिग्दर्शकाला धडकी भरवणारी भाषा पाहिजे होती, तेव्हा तीच खेळातली भाषा काढली आणि तिच्यात टणक व्यंजनं आणि जिभेचे टक्‌टक्‌ आवाज भरून ती रानटी केली. पोराची भाषा ती रानटी माणसाची भाषा! साम्राज्यवाल्या गोऱ्यांनी दीडदोनशे वर्षं हेच समीकरण मांडलं की काळा माणूस म्हंजे न वाढलेलं मूल, त्याला चाबकानंच वळण लावायला पाहिजे. कार्कींच्या मनात हे असेल असं मी म्हणत न्हाई. पण मन जिथं जात नाही तिथं संस्कार जातो.

आता हे टक्‌टक्‌ आवाज. इंग्रजीत यांना क्लिक म्हणतात. ते आपल्याही तोंडात आहेत, फक्त आपण त्यांचा शब्द करत नाही. कुणाचं वाईट झालं की म्हातारी चुकचुकते, तो दातांमागचा क्लिक. गाडीवान बैलाला हाकताना गालाच्या कडेनं जो आवाज काढतो, तो दुसरा. म्हंजे आपल्याकडं हे आवाज कीव करायला आणि जनावर हाकायला. पण दक्षिण आफ्रिकेत कोट्यवधी माणसं या आवाजांनी भाकर मागतात, भांडतात, लग्नं जुळवतात, भाषणं करतात. खोसा भाषेत असे तीन मूळ क्लिक आहेत, आणि 'खोसा' या नावाचा पहिला आवाजच क्लिक आहे. आपण 'खो' म्हणतो ते आपल्या सोयीनं. झुलूतही ते आहेत. या भाषांनी ते घेतले खोई आणि सान लोकांकडून, म्हणजे त्या भूमीवरच्या सगळ्यात जुन्या माणसांकडून. नेल्सन मंडेलांची मातृभाषा खोसा. १९७७ साली ज्याला पोलिस कोठडीत मारलं त्या स्टीव्ह बिकोची मातृभाषा खोसा. मिरियम मकेबा ही गायिका लग्नात म्हणतात ते एक खोसा गाणं जगभर गायची. गोऱ्यांना त्याचं नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याला 'क्लिक साँग' करून टाकलं. ज्याला उच्चारता येत नाही तोच नाव ठेवतो, हा जगाचा नियम दिसतो.

आणि काळकेयांच्या सरदाराचं नाव काय? इंकोशी. झुलू आणि खोसात 'इंकोसी' म्हंजे राजा, प्रमुख, प्रभू. वर्णद्वेषाविरुद्ध लढताना काळ्या जनतेनं जे गीत म्हटलं, जे आज त्या देशाच्या राष्ट्रगीताचा भाग आहे, त्याचा पहिलाच शब्द हा. हे मुद्दाम घेतलं की कुठंतरी कानावर पडलं होतं, ते करणारे जाणोत. पडद्यावर मात्र काय झालं? ज्या शब्दानं तिकडं लाखो लोक उभे राहिले, तो इकडं एका विद्रूप काळ्या देहाला चिकटवला आणि त्याचा वध ही राजपुत्रांची परीक्षा ठरवली. जो त्याला मारील तो राजा. १९७२ साली आपल्या पोरांनी 'दलित पँथर' हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून. ते नातं नुसतं घोषणेपुरतं नसेल, तर इंकोशीच्या वधाला थिएटरात शिट्ट्या मारताना आपल्या घशात काहीतरी अडकायला पाहिजे होतं.

याच सिनेमाच्या तमिळ आवृत्तीत एका संवादात अरुंधतियार समाजाला हिणवणारा शब्द आला होता. २०१५ च्या जुलैतच मदुराईत त्यावरून निषेध झाला, आणि संवादलेखक म्हणून कार्कींनी दिलगिरी व्यक्त केली. ठीक झालं. पण बघा, शब्द पकडला गेला आणि आवाज सुटला. शब्दावर गुन्हा दाखल करता येतो. आवाजावर काय दाखल करणार?

या धंद्याचा मूळपुरुष मात्र वेगळाच. जे. आर. आर. टॉल्किन, ऑक्सफर्डचा भाषेचा प्राध्यापक, १८९२ साली जन्मला तो दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेन गावात. त्याची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ साली आली. त्यात एल्फ म्हणून एक उंच, देखणी, जवळजवळ अमर जमात आहे. तिच्यासाठी त्यानं दोन भाषा रचल्या, एक फिनिश भाषेच्या वळणावर, दुसरी वेल्शच्या. स्वर मोकळे, ल, न, र, म यांची रेलचेल, व्यंजनांची गर्दी नाही. आणि दुसऱ्या टोकाला ऑर्क. काळवंडलेले, वाकड्या पायांचे, सैतानाचे मजूर आणि शिपाई. त्यांच्या धन्यानं सगळ्या गुलामांसाठी केलेली भाषा म्हणजे 'ब्लॅक स्पीच', काळी वाणी. नावातच रंग. तिच्यात ग, ग़, ख, श, झ, उ यांची दाटी. 'नाझ्ग' म्हणजे अंगठी, 'ग़ाश' म्हणजे आग.

मित्रांनो, इथं जरा थांबा आणि तो 'ग़' जिभेवर घ्या. घशातून घासत येणारा. टॉल्किननं स्वतः पुस्तकाच्या परिशिष्टात सांगितलंय की तो असाच घासून म्हणायचा. हा ऑर्कांचा आवाज. आता 'ग़ज़ल' म्हणा. पहिलं अक्षर तेच! शहाण्यासुरत्या माणसांच्या मैफलीत ज्या 'ग़'वर 'वाहवा' पडते, जो नीट आला नाही तर गायकाला नावं ठेवतात, तोच 'ग़' ऑर्कच्या तोंडात गेला की हिडीस. बरं, घशातला 'ख़' तर टॉल्किनच्या एल्फांच्या दुसऱ्या भाषेतही आहे. तिथं तो कुणाला खुपत नाही. मग हिडीस काय आहे, आवाज की तोंड?

त्या कादंबरीत एक प्रसंग आहे. एल्फांच्या दरबारात एक म्हातारा जादूगार अंगठीवरची काळी वाणी मोठ्यानं वाचतो, आणि सगळे एल्फ कान झाकून घेतात. गोरी वाचकमंडळी हा प्रसंग वाचून शहारतात. आपल्याला वेगळं काहीतरी आठवतं. गौतम धर्मसूत्रात, शूद्रानं जाणूनबुजून वेद ऐकला तर त्याच्या कानात तापवलेलं कथील आणि लाख ओतावी असं लिहून ठेवलंय. तिकडचे वरचे लोक खालच्याची भाषा ऐकायला नको म्हणून स्वतःचे कान झाकतात. आमच्याकडच्यांनी आमचे कान बुजवले. विटाळ दोन्हीकडं आवाजाचाच. फरक इतकाच की एल्फ त्यातल्या त्यात सभ्य.

टॉल्किनला सरसकट वंशवादी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण खरं नव्हे. १९३८ साली नाझी जर्मनीतल्या प्रकाशकानं 'तुम्ही आर्य वंशाचे का' असं विचारलं, तेव्हा त्यानं असा खरमरीत जबाब लिहून काढला की वाचून छाती फुगते. आर्य या शब्दाचा अर्थ त्याला भाषापंडित म्हणून पक्का माहीत होता. पण त्याच माणसानं १९५८ साली एका पत्रात ऑर्क कसे दिसतात ते सांगताना मंगोल चेहरेपट्टीचा दाखला दिला, युरोपीय डोळ्यांना सगळ्यात कमी देखणी वाटणारी म्हणून. 'युरोपीय डोळ्यांना' ही अट त्यानं घातली हे खरं. अट घातली आणि तरी चित्र तेच काढलं. नाझ्याशी भांडणारा माणूसही कानानं कुठल्या बाजूला असतो, हे असं. आणखी एक. त्याच्या मरणानंतर १९७७ साली छापलेल्या 'सिल्मरिलियन'मध्ये असं येतं की ऑर्क मुळात एल्फच होते. पकडून, कोंडून, छळून त्यांचे ऑर्क केले. एकाच रक्ताची माणसं, मारून मोडलेली! आणि वर त्यांच्या तोंडात घाण आवाज घातले, म्हणजे ती मुळचीच नीच वाटावीत. ही गोष्ट आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको.

कुणी म्हणेल, आवाजात काही मूळचं असतंच की राव. 'धडाम' आणि 'झुळझुळ' सारखं लागतं का? बरोबर. कोहलर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९२९ साली दाखवलं की दोन बनावट शब्द आणि दोन आकृत्या पुढं ठेवल्या, एक काटेरी आणि एक गोलसर, तर बहुतेक माणसं 'ट', 'क' असले आवाज काटेरीला आणि 'म', 'ल' असले गोलाला लावतात. पुढं २००१ साली रामचंद्रन आणि हबर्ड यांनी हीच गोष्ट 'बूबा' आणि 'किकी' घेऊन पुन्हा मांडली. माझं यावर काही भांडण नाही. पण यातून निघालं काय? काटेरी आणि गोल. इतकंच. काटेरी म्हंजे नीच आणि गोल म्हंजे कुलीन, हे कुठल्या प्रयोगात निघालं? बाभळीला काटे असतात, गुलाबालाही असतात.

पुरावा पाहिजे तर २००९ चा 'अवतार' घ्या. त्यातल्या निळ्या नावींची भाषा पॉल फ्रॉमर यांनी केली. तिच्यात प, त, क यांचे घशात श्वास कोंडून फट्‌कन सोडलेले उच्चार आहेत, आणि साधे ब, द, ग नाहीतच. कागदावर ही यादी वाचली तर वाटेल, आला राक्षस! पण सिनेमा नावींच्या बाजूचा आहे, त्यांच्या जंगलाच्या बाजूचा आहे, म्हणून तेच आवाज कानाला निसर्गासारखे लागतात. आणि उलटा दाखला 'स्टार ट्रेक'च्या क्लिंगॉनांचा. १९८४ च्या सिनेमासाठी मार्क ओक्रँड यांनी त्यांची भाषा बांधली, १९८५ साली कोश काढला. परग्रहावरचे लढवय्ये, कपाळावर हाडं. त्यांची भाषा ऐकताना अंगावर यावी म्हणून तिच्यात जे आवाज घातले त्यांत एक आहे जीभ मागं वळवून टाळूला लावून काढलेला 'ड'. आणि दुसरा 'ष'. डोंगरातला ड! डाळ, डबा, डफ, डोकं यांचा ड! अमेरिकेत तो परग्रहावरचा झाला. आपल्याकडं व्याकरणात या जीभ वळवलेल्या अक्षरांना मूर्धन्य म्हणतात, आणि मोठमोठ्या समीक्षकांनाही मूर्धन्यच म्हणतात. तर त्या मूर्धन्यांना एकदा सांगायला पाहिजे की तुमचा उच्चार हॉलिवूडमध्ये राक्षसाचा आहे.

पण अमेरिकेला कशाला नावं ठेवायची? शत्रूच्या तोंडात वाकडा उच्चार घालण्याची कला या देशात तिच्यापेक्षा फार जुनी. शतपथ ब्राह्मणात कथा आहे की असुर लढाईत हरले. का हरले? शत्रूंना हाक मारताना त्यांनी 'र'च्या जागी 'ल' म्हटला. उच्चार चुकला म्हणून पराभव! म्हणून ब्राह्मणानं म्लेच्छासारखं बोलू नये, असा उपदेश त्याला जोडला. पुढं पतंजलीनं महाभाष्याच्या आरंभी, व्याकरण का शिकावं याचं कारण देताना हीच कथा घेतली. 'म्लेच्छ' हा शब्द मुळात अस्पष्ट बोलण्याशी बांधलेला आहे. ग्रीकांचा 'बार्बारोस' तसाच, परक्याची बडबड म्हंजे बर्‌बर्‌. आधी कान ठरवतो की हे बोलणं नव्हे, मग हात ठरवतो की हा माणूस नव्हे.

आता या 'ल'चा माग काढा. तो असुरांच्या घरातला नाही, मगधातला आहे. पूर्वेकडच्या प्राकृतांत 'र'चा 'ल' होतो. आणि तो कुणाच्या तोंडी कोरलेला सापडतो? सम्राट अशोकाच्या. कालसी, धौली, जौगड इथल्या शिलालेखांत 'राजा' नाही, 'लाजा' आहे. भाब्रूच्या शिलालेखात तर अशोक संघाला वंदन करतो, बुद्ध, धम्म आणि संघ यांच्यावरची आपली श्रद्धा सांगतो, आणि तिथंही तो स्वतःला 'लाजा' म्हणवतो. ज्या उच्चारापायी असुर हरले म्हणून ब्राह्मणग्रंथ सांगतात, त्याच उच्चारात या देशाच्या सगळ्यात मोठ्या राजानं त्रिसरणाला मान लववली. अशोकानंतर शेदीडशे वर्षांनी पतंजली तो असुरांचा 'ल' पुन्हा काढतो, चुकीचा नमुना म्हणून. हे नुसतं व्याकरण आहे असं ज्याला वाटत असेल त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

पुढं संस्कृत नाटकानं या सगळ्याची रीतसर वाटणीच केली. राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलणार. बाया शौरसेनी बोलणार, गाणं म्हणायचं तर महाराष्ट्रीत. आणि मागधी कुणाला? 'शाकुंतला'तल्या कोळ्याला. 'मृच्छकटिका'तल्या चांडाळांना. त्याच नाटकातला तो शकार, राजाचा मेहुणा पण हलक्या कुळातला, सगळीकडं 'स'चा 'श' करतो आणि लोक हसतात. हे मगधात खरोखर बोलणाऱ्या माणसांचं ध्वनिमुद्रण नव्हे. ही रचलेली भाषा आहे, खालच्या पात्रासाठी नियमानं बनवलेली. आजच्या शब्दांत सांगायचं तर ही किलिकीच. छापील आवृत्तीत या प्राकृत ओळींखाली संस्कृत भाषांतर देतात, त्याला 'छाया' म्हणतात. कॉलेजातली पोरं प्राकृत सोडून छायाच वाचतात. आपली सावली पडली तर विटाळ व्हायचा. चांडाळाच्या बोलण्यावर मात्र संस्कृतची सावली बिनदिक्कत पडते आणि मूळ बोलणं झाकून टाकते.

एवढं सगळं कशासाठी सांगतोय? आपल्या वर्गातल्या एका अक्षरासाठी. न आणि ण. वक्तृत्वाच्या स्टेजवर आपलं पोरगं 'पानी' म्हणालं की पहिल्या रांगेत ओठ दाबून हसू येतं. नोकरीच्या मुलाखतीत 'लोनी' म्हणालं की कागदावर टिंब पडतं. 'ण'वरून जात ओळखतात, हे तुम्हाआम्हाला कुणी शिकवायला नको. पोरगी घरी येऊन आरशापुढं 'पाणी, पाणी, पाणी' घोकते आणि आईला म्हणते, तू माझ्या मैत्रिणींपुढं बोलू नको.

मग त्या शुद्धवाल्यांच्याच पोथीतून पाहू. संस्कृत शब्द आहे 'पानीय'. न आहे, ण न्हाई. लोणी आलं 'नवनीत'वरून. तिथंही न. हा 'ण' केला कुणी? महाराष्ट्री प्राकृतानं, तिला 'न'चा 'ण' करायची सवयच होती. म्हंजे संस्कृतच्या हिशेबानं 'पाणी' हाच बिघडलेला शब्द, आणि वस्तीतली म्हातारी 'पानी' म्हणते ती मूळ आवाजाच्या जास्त जवळ! यावरून आपणच शुद्ध, असं मला मुळीच म्हणायचं नाही. तो शुद्धतेचा खड्डा त्यांचा त्यांना लखलाभ. सांगायचं इतकंच की शुद्धतेचं कारण आवाजात कधीच नव्हतं. ज्या पाण्यासाठी १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं, त्या पाण्याच्या उच्चारावरही पहारा बसवला, एवढाच त्याचा अर्थ.

आता घरचा आहेर. हे आपणही करतो. आपल्या पथनाट्यात भटजी आला की तो नाकात बोलतो, 'स्स' करून ओढतो, आणि आपण टाळ्या घेतो. हसू येतं, खरं आहे, मलाही येतं. पण हे शकाराचंच नाटक, पात्रं बदलून. शोषण नाकात बोलण्यात नाही. शोषण जमिनीच्या उताऱ्यात आहे, भरतीच्या यादीत आहे. भटजी सुरेल बोलला म्हणून तो कमी शोषक होत नाही, उलट जास्त पोचतो. आणि त्याहून मोठी गोष्ट आपल्या कथांची. १९७२ च्या 'गोलपिठा'नं आणि १९७८ च्या 'बलुतं'नं वाट मोकळी करून दिल्यावरही पुष्कळ कथांत माय, बाप, शेजारीण 'न्हाई, हाय' बोलतात, आणि शिकलेला नायक मात्र सदाशिव पेठी बोलतो. निवेदक तर त्याहून. विचार करायचा तो शुद्धात, आणि रडायचं, शिव्या द्यायच्या, मरायचं ते बोलीत! नाट्यशास्त्राचीच वाटणी आपण आपल्या हातानं पुढं चालवतो. बोलीत विचार करणारं, बोलीत राजकारणाचा डाव मांडणारं, बोलीत पुस्तकाची चिरफाड करणारं पात्र किती कथांत आहे? या अंकांच्या मागल्या गठ्ठ्यात शोधा आणि मोजा. माझं हे टिपणही त्या मोजणीतून सुटत न्हाई.

काम करण्यासारखं आहे ते असं. ज्यांना टेपवर, मोबाईलवर आवाज घेता येतो त्यांनी आपापल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं साठवावं, नुसती गाणी नव्हे, साधं बोलणं. 'ण' कुठं येतो, कुठं येत नाही, 'ळ'चं काय होतं, 'व्ह' कसा पडतो. १८७० च्या सुमारास केपटाऊनमध्ये ब्लीक आणि लुसी लॉईड या दोघांनी तुरुंगात टाकलेल्या सान माणसांकडून त्यांच्या कथा त्यांच्याच भाषेत हजारो पानांवर उतरवून घेतल्या. ती भाषा पुढं मेली. बोलणारे मारले गेले, हाकलले गेले, उरलेल्यांनी दुसऱ्या भाषा धरल्या. पण त्या वह्या होत्या. म्हणून २००० साली नव्या दक्षिण आफ्रिकेनं आपलं राजचिन्ह केलं तेव्हा त्यावरचं वाक्य त्या मेलेल्या भाषेत लिहिता आलं. अक्षरांच्या मधे मधे क्लिकच्या खुणा आहेत. ज्या आवाजांना गोऱ्यांनी जनावराचे ठरवलं होतं ते आता तिथल्या सरकारी कागदावर छापलेले असतात.

राहता राहिली किलिकी. कार्कींनी तिच्यात एक गंमत केलीय. 'मी'ला 'मिन' आणि 'तू'ला 'निम'. तोच शब्द उलटा वाचला की मीचा तू होतो. पोरांसाठी भाषा करणाऱ्याला सुचावी अशी ही गोष्ट, आणि मला ती फार आवडली. सिनेमात तिला काही वाव मिळाला नाही. काळकेय तिथं ओरडतो, धमकावतो आणि मरतो. तो महिष्मतीवर का चालून आला, त्याची जमीन कुठली होती, आधी तिथं कोण गेलं होतं, हे त्याच्या भाषेत त्याला कुणी विचारत नाही, आणि त्याला तोंड द्यायचं ते फक्त रणांगणावर. आता ती भाषा कुणालाही शिकता येते. आपल्यातल्या एखाद्या पोरानं ती शिकावी आणि महिष्मतीची ती लढाई काळकेयाच्या बाजूनं, 'मिन'पासून सुरू करून लिहावी. खाली मराठी छाया देऊ नये.